मासिक आणि टेस्ट सिरीजचं एकत्र पॅकेज गावच्या वाचनालयानं घ्यावं का?

वाचनालयताई_दारव्हा

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावचं सार्वजनिक वाचनालय मी सांभाळते. ड वर्गाचं आहे, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालच्या. ग्रामपंचायतीच्या मागं दोन खोल्या. एकीत कपाटं, दुसरीत एक लांब टेबल आणि दोन सतरंज्या. संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. मोठी माणसं पेपर चाळून जातात, पण खोली भरते ती लेकरांनी. शाळेच्या कपड्यातच येतात, रोजचे तीस-पस्तीस.

मागच्या आठवड्यात नागपूरहून एक भाऊ आले. एका मीडिया कंपनीचे प्रतिनिधी. कंपनीची मासिकं निघतात आणि आता तिनं शैक्षणिक सेवांचा वेगळा विभाग काढला आहे. त्यांची योजना अशी: एका मुलामागे वर्षाचे १,८०० रुपये. त्यात मुलांच्या मासिकाचे १२ अंक, शिष्यवृत्ती आणि एनएमएमएस (आठवीतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती) यांच्या १० सराव परीक्षा आणि मोबाईलवरचं ॲप. कमीत कमी ३० मुलं पाहिजेत. पैसे आधी. दर मुलामागे २०० रुपये वाचनालयाला परत मिळतील, त्याला ते 'सहकार्य निधी' म्हणतात.

अंकावर किंमत ५० रुपये छापलेली आहे. म्हणजे वर्षाच्या अंकांचे झाले ६००. बाकीचे १,२०० परीक्षा आणि ॲपचे. मी विचारलं, "भाऊ, आम्हाला नुसतं मासिक द्या ना." ते म्हणाले, शाळा आणि वाचनालयांसाठी सुटं मासिक देता येत नाही, पॅकेजच घ्यावं लागते.

३० मुलांचे ५४,००० होतात. आमचं अख्ख्या वर्षाचं अनुदान ४८,००० आहे. २०२२ मध्ये वाढलं म्हणून एवढं, त्याआधी ३०,००० होतं. तेही हप्त्यानं येतं आणि त्यातच माझं मानधन, वीजबिल, पेपरचं बिल. तेव्हा पैसे पालकांकडूनच गोळा करावे लागतील. आमच्याकडे पालक म्हणजे सोयाबीन आणि कापूसवाले, नाहीतर त्यांच्या वावरात मजुरीला जाणारे. वेचाईचा दर किलोला दहा रुपये धरला तर एका लेकरासाठी मायला १८० किलो कापूस वेचावा लागेल. हा हिशेब मी केला आणि रात्री झोप लागली नाही.

दुसरी गोष्ट लिहायला जड जातं. तीन वर्षांपूर्वी अशाच दुसऱ्या एका कंपनीची वर्गणी मी गोळा केली होती. २२ घरांतून ७०० रुपये प्रत्येकी. चार अंक आले, मग एक जोडअंक आला, मग काहीच नाही. फोन आधी वाजायचा, कुणी उचलायचं नाही. पुढं नंबरच बंद झाला. पावत्या कंपनीच्या होत्या, पण सही माझी होती. एक आजी नातवासाठी पैसे देऊन गेली होती. दुकानात भेटली की विचारायची, "बाई, पुस्तक आलं का?" दीड वर्ष विचारत होती. शेवटी सहा घरांचे पैसे मी मानधनातून परत केले. सगळ्यांचे करणं झालं नाही.

मग आता सरळ नाही का म्हणत नाही? कारण अंक खरोखर चांगला आहे. नमुना म्हणून एक ठेवून गेले. त्यात सुगरण पक्षी खोपा कसा विणतो त्यावर चार पानं आहेत, चित्रं स्पष्ट, भाषा सोपी पण पोरकट नाही. सातवीतल्या एका पोरीनं तो उभ्या-उभ्याच वाचून काढला. आठ वाजले, मी कुलूप हातात घेऊन उभी, आणि ती विचारते, "मॅडम, पुढचा अंक कधी येते?" चार दिवसांत त्या एका अंकाचं मुखपृष्ठ निघालं, इतक्या हातांतून गेला. आमच्या कपाटात लेकरांसाठी जे आहे ते त्यांनी दोन-तीनदा वाचून झालं आहे.

मासिक काढणाऱ्या कंपनीला परीक्षा कशाला विकाव्या लागतात, हे मला कळत नाही. कुणी या धंद्यात असेल तर समजावून सांगा. आणि मी काय करावं तेही. दिवाळीच्या आत उत्तर द्यायचं आहे, कारण पालकांच्या हातात पैसा तेव्हाच असतो.

गुरुजी_मारेगाव

ताई, मी जिल्हा परिषद शाळेत आहे. परीक्षांपुरतं सांगतो.

शिष्यवृत्ती परीक्षा राज्याची परीक्षा परिषद घेते. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुणांचे, ७५-७५ प्रश्न. एनएमएमएस आठवीतल्या मुलांसाठी: बौद्धिक क्षमतेचा एक आणि शालेय विषयांचा एक, दोन्ही ९० प्रश्नांचे. जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची परिषदेच्या संकेतस्थळावर फुकट असतात. तालुक्याला झेरॉक्स मारल्या तर एका मुलाच्या दहा पेपरला दीडशे-दोनशेच्या वर जात नाही. मी दर रविवारी शाळेच्या ओट्यावर घेतो. घड्याळ लावतो आणि उत्तरपत्रिकेचे गोल भरायलाच लावतो.

एक गोष्ट नक्की विचारा. तीस लेकरांत शिष्यवृत्तीच्या वर्गातली किती आणि आठवीतली किती? तिसरीतल्या आणि सहावीतल्या पोराला या सराव परीक्षांचा उपयोग काय? आमच्याकडे एका संस्थेनं सरसकट सगळ्यांना एकच संच वाटला होता. अर्ध्या पोरांनी तो उघडलासुद्धा नाही. शिवाय परीक्षेचा वर्ग सरकार बदलतं. २०१६-१७ ला चौथी-सातवीची शिष्यवृत्ती पाचवी-आठवीला गेली, तेव्हा छापून ठेवलेले गठ्ठे रद्दीत गेलेले मी पाहिले आहेत.

मासिकच पाहिजे असेल तर 'किशोर' लावा. बालभारतीचं आहे, नोव्हेंबर १९७१ पासून निघतं. जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. मी काही गोष्टी छापून वर्गात दोरीवर टांगल्या आहेत. मधल्या सुट्टीत दोरीखाली गर्दी असते.

काटोलचा_अंकवाला

ताई, तुम्ही विचारलं की मासिकवाल्याला परीक्षा कशाला विकाव्या लागतात. मी १९९६ ते २०१४ मासिकांच्या वर्गणी खात्यात काढली. उमरेड, भिवापूर, कुही, पुढं आरमोरीपर्यंत मोटारसायकलवर अंक घेऊन फिरलो. आता काटोलजवळ संत्र्याची बाग करतो. जे पाहिलं ते सांगतो, जरा लांबेल.

अंकावर छापलेल्या किमतीत अंक कधीच निघत नव्हता. कागद, छपाई, चित्रकार, लेखकाचं मानधन, स्टॉलवाल्याचं कमिशन, न खपलेले परत आलेले गठ्ठे, हे सगळं धरलं तर वर्गणीतून खर्चाचा एक भाग निघायचा. बाकीचा भार जाहिराती उचलायच्या. जाहिरातीचा दर खपावर ठरतो, म्हणून कंपनीला वर्गणीदार पाहिजे असायचा. पैशापेक्षा त्याचं डोकं मोजायला. आम्हाला सांगायचे, "सूट द्या, पिशवी द्या, पण आकडा आणा." टपाल खात्याची नोंदणीकृत नियतकालिकांना सवलत होती, म्हणून मेळघाटातल्या वर्गणीदाराला अंक पाठवणंही परवडायचं.

मग जाहिराती आटल्या. आधी टीव्हीवर गेल्या, मग मोबाईलवर. हातात काय उरलं? घराघरांची यादी. कोणत्या घरी आठवीतलं लेकरू आहे, कोणत्या शाळेचे मुख्याध्यापक आपल्याला चहा पाजतात, कोणत्या गावात पोस्टमन अंक नीट पोचवतो. ही यादी आणि मासिकाच्या नावावरचा विश्वास, एवढं भांडवल घेऊन कंपनी शिक्षणाच्या धंद्यात उतरते. आईबाप मासिकाला पन्नास रुपये देताना विचार करतात. परीक्षेचं नाव काढलं की उधार काढून हजार देतात. हे कंपनीला आकड्यांत दिसतं.

आमच्या कंपनीत हे झालं तो दिवस मला आठवतो. नागपूरला सीताबर्डीतल्या एका हॉटेलात सगळ्या प्रतिनिधींना बोलावलं होतं. साहेब म्हणाले, आजपासून कोर्स विकायचा, अंक त्याच्यासोबत द्यायचा. नुसत्या वर्गणीवर मला पंधरा रुपये सुटायचे, कोर्सवर दीडशे. मग मी काय विकलं असेल? घरी दोन पोरं शिकत होती. मी कोर्सच विकला, आणि पुष्कळ विकला. तुमच्याकडे आलेले भाऊ "सुटं मासिक देता येत नाही" म्हणाले, त्याचं कारण बहुतेक हेच आहे. सुट्या मासिकाचं त्यांना काही सुटत नसेल.

दोन वर्षांत आमच्या अंकाची पानं बदलली. आधी संपादकीय खात्यात चार जण होते. एक मॅडम होत्या, त्या गावोगावच्या पोरांची पत्रं स्वतः वाचून उत्तरं लिहायच्या. त्या गेल्या. चाराचा एक माणूस राहिला. गोष्टींच्या जागी प्रश्नसंच आले, कारण ते क्लासच्या खात्यातून तयार मिळायचे. भिवापूरच्या एका गुरुजींनी मला अंक दाखवून विचारलं, "याच्यात वाचायचं काय आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढं अंक बंद झाला, कोर्स चालू राहिला.

हे फक्त आपल्याकडं होते असं नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन पोस्ट कंपनीचं उदाहरण आम्हाला त्याच बैठकीत कौतुकानं सांगितलं होतं. मी नंतर त्याचं पुढचं पुढचं वाचत गेलो. त्या कंपनीचं वर्तमानपत्र तर होतंच. १९६१ मध्ये तिनं न्यूजवीक हे साप्ताहिक घेतलं. १९८४ मध्ये तिनं कॅप्लन नावाचे परीक्षेचे क्लास विकत घेतले. स्टॅन्ली कॅप्लन या माणसानं ते १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात घराच्या तळघरात सुरू केले होते. घेतले तेव्हा ते जोडधंद्यासारखे होते. पुढं कॅप्लननं कॉलेजं विकत घेतली, ऑनलाइन पदव्या काढल्या, आणि कंपनीच्या एकूण उत्पन्नात निम्म्याहून जास्त पैसा शिक्षणातून येऊ लागला. कंपनी स्वतःला शिक्षण आणि माध्यम कंपनी म्हणवू लागली, शिक्षण आधी.

तोट्यातल्या वर्तमानपत्राला त्या पैशानं बरीच वर्षं आधार दिला, हे खरं आहे. पण मासिकाला वाचवलं नाही. २०१० मध्ये न्यूजवीक विकलं ते १ डॉलरला, घेणाऱ्यानं देणी उचलायची या बोलीवर. २०१२ च्या अखेरीस त्याचा छापील अंक थांबला. २०१४ मध्ये नव्या मालकांनी परत सुरू केला. आणि ज्या शिक्षणाच्या धंद्यावर सगळं उभं होतं, त्याच्यावरही २०१० मध्येच संकट आलं. तिथल्या सरकारी तपासनिसांनी विद्यार्थी असल्याचं भासवून १५ खासगी कॉलेजांत माणसं पाठवली. पोरांना प्रवेशासाठी कशी भूल घालतात ते बाहेर आलं. त्या १५ मध्ये कॅप्लनचीही होती. शिक्षणाचं कर्ज सरकारी, घेणारा विद्यार्थी गरीब, आणि प्रवेश देणाऱ्यावर आकड्याचा दबाव. वाचताना मला माझी मोटारसायकल आठवत होती. २०१३ मध्ये वर्तमानपत्र २५ कोटी डॉलरला ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी घेतलं, आणि उरलेल्या कंपनीनं नावच बदललं. २०१८ मध्ये कॅप्लनचं विद्यापीठ पर्ड्यू या सरकारी विद्यापीठाकडे गेलं.

उलटा नमुना गुरुजींनी वर सांगितलाच आहे. किशोरमागं पाठ्यपुस्तकं छापणारी संस्था उभी आहे. शिक्षणाचं काम आधीपासून आहे, मासिक त्याच्या आधारानं चालतं, आणि मासिकाच्या गळ्यात काही विकायची जबाबदारी बांधलेली नाही. म्हणून ते पन्नास वर्षं टिकलं, असं मला वाटते.

आता तुमच्या कामाचं. त्या भाऊंना तीन वर्षांपूर्वीचे दोन अंक आणि या वर्षाचे दोन अंक मागा. शेजारी ठेवून पानं मोजा: वाचायची किती, प्रश्नांची किती. प्रश्नांची वाढत चालली असतील तर तुमच्या पोरीला पुढच्या वर्षी सुगरण मिळणार नाही. अंकात शेवटी किंवा सुरुवातीला बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं, छापल्याची आणि प्रकाशनाची जागा असते; कायद्यानं ती छापावीच लागते. नोंदणी क्रमांकही तिथंच पाहा. या गोष्टी नसतील तर त्या माणसाला चहा पाजा आणि निरोप द्या.

आणि पावतीवर तुमची सही नको, ताई. पैसे कंपनीच्या खात्यात, कंपनीच्या शिक्क्याची पावती, पालकाच्या नावानं. वर्षाचे एकदम देऊ नका, तीन महिन्यांचे द्या. तो 'सहकार्य निधी' तर अजिबात घेऊ नका. तोच पैसा किमतीतून कमी करायला सांगा. तो घेतला की गावाच्या नजरेत तुम्हीच कंपनीचा माणूस होता. मी अशा कितीतरी मुख्याध्यापकांना तो दिला आहे. पुढं अंक बंद पडले तेव्हा माझा नंबर कुणाकडं नव्हता. पालक त्यांच्या दारात गेले. त्यातल्या दोघांच्या घरी मी नंतर स्वतः जाऊन आलो.

क्लासवाला_ब्रह्मपुरी

काटोलच्या दादांनी मनापासून लिहिलं आहे, पण मी थोडी दुसरी बाजू मांडतो. मी ब्रह्मपुरीला लहानसा क्लास चालवतो. एनएमएमएसमध्ये निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० मिळतात. चार वर्षांचे ४८,०००. धान रोवणाऱ्या मजुराच्या घरात हा पैसा म्हणजे पोरीचं शिक्षण दहावीला थांबत नाही. माझ्याकडच्या एका मुलीच्या मायनं त्या पैशावर तिला अकरावी सायन्सला घातलं, वसतिगृहात ठेवलं.

हुशार पोट्टे वेळेत पेपर पुरा करू शकत नाहीत म्हणून मागं राहतात. बाहेरून आलेली प्रश्नपत्रिका, अनोळखी प्रश्न, घड्याळ, याची सवय लागते. सगळ्याच गुरुजींना रविवार देता येत नाही. तेव्हा सराव परीक्षा विकणारा प्रत्येक जण लुबाडतो असं धरू नका. तुमच्या गावात आठवीतली पाच-सहा लेकरं असतील आणि आईबाप घ्यायला तयार असतील, तर त्यांना आडवू नका. फक्त उत्पन्नाची अट पाहून घ्या, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे. तो दाखला वेळेवर नसतो आणि अर्ज तिथंच अडतो. दाखला काढून देण्यात तुमच्या वाचनालयानं मदत केली तर ती दहा टेस्टपेक्षा मोठी होईल.

हिशेबनीस_अमरावती

कर सल्लागार आहे. बिल वेगळं मागा. छापील नियतकालिकावर जीएसटी शून्य आहे. क्लास आणि परीक्षेच्या तयारीच्या सेवेवर १८ टक्के. दोन वेगळ्या वस्तू एकाच किमतीत बांधून विकल्या आणि त्या एकमेकींवाचून विकता येण्याजोग्या असतील, तर कायदा त्याला मिश्र पुरवठा समजतो आणि सगळ्यात जास्त दर असेल तो अख्ख्या रकमेवर लागतो. म्हणजे तुमच्या ६०० च्या मासिकावरही कराचा बोजा येऊ शकतो. १,८०० मध्ये कर किती, मासिकाचे किती, सेवेचे किती, हे लेखी घ्या. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेही लक्षात ठेवा.

वाचनालयताई_दारव्हा

सगळ्यांचे खूप आभार. मध्ये सोयाबीनची गडबड होती, म्हणून उशिरा लिहिते.

गुरुजींनी सांगितलं म्हणून आधी लेकरं मोजली. ३४ मध्ये आठवीतली फक्त पाच आणि शिष्यवृत्तीला बसणारी सात. म्हणजे बावीस लेकरांच्या आईबापांकडून मी उगाच बाराशे-बाराशे घेतले असते.

त्या भाऊंना फोन केला, जुने अंक मागितले. ते स्वतः घेऊन आले, हे मला आवडलं. रात्री नवऱ्याला आणि मुलाला बसवून पानं मोजली. तीन वर्षांपूर्वीच्या अंकात ६४ पैकी ६ पानं प्रश्नांची होती. आताच्यात १४. गोष्टी अजून चांगल्या आहेत, पण काटोलच्या दादांनी सांगितलं ते डोळ्यांनी दिसलं. मुद्रक, प्रकाशक, नोंदणी क्रमांक सगळं जागेवर होतं.

मग मी स्पष्ट सांगितलं: आम्हाला दहा अंक पाहिजेत, सुट्या वर्गणीनं, वाचनालयाच्या पत्त्यावर एकाच गठ्ठ्यात. ते गप्प बसले. नंतर म्हणाले, "ताई, माझं महिन्याचं टार्गेट पॅकेजचं आहे." दादा, तुम्ही मोटारसायकलचं लिहिलं नसतं तर मी त्यांना तोडून बोलले असते. घरी जेवायला वाढलं. त्यांनी वरच्या साहेबांना फोन लावून दिला, मी स्वतः बोलले. सुटी वर्गणी मिळते. साधा वर्गणीदार म्हणून अर्ज भरला की मिळते, फक्त कुणी ते सांगत नाही. अंक तेवढेच वर्षाला ६०० प्रमाणे, दहाचे ६,०००. सहामाही भरायला तयार झाले. ३,००० वाचनालयाच्या खात्यातून गेले, पालकांकडून एक रुपया घेतला नाही. जीएसटीचं विचारल्यावर बिलात तो शून्यच आला.

आठवीतल्या दोन घरांना परीक्षा आणि ॲप घ्यायचं होतं. त्यांनी स्वतः कंपनीच्या खात्यात भरले, पावती त्यांच्या नावाची. मी मध्ये नाही. बाकी तिघांसाठी आमच्या शाळेच्या सरांना गुरुजींचा निरोप वाचून दाखवला. त्यांनी महिन्यातले दोन रविवार कबूल केले. पाचही घरांचे उत्पन्नाचे दाखले सेतूत टाकले आहेत, तिघांचे आले. ब्रह्मपुरीच्या सरांनी आठवण करून दिली नसती तर हे राहूनच गेलं असतं.

किशोरही लावला. आणि त्या आजीकडे गेले होते. तिचा नातू आता सहावीत आहे. तिचे सातशे रुपये परत द्यायचे राहिले होते, ते दिले. तिनं दोनशे परत माझ्या हातात कोंबले आणि म्हणाली, "पोराले वाचाले बोलाव." तो आता रोज येतो.

परवा गठ्ठा आला. पोस्टमन दादांनी सायकलवरून आणला, ओल्या रस्त्यामुळं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. दहा अंक सव्वापाचला टेबलावर ठेवले, सहा वाजता एकही टेबलावर नव्हता. सातवीतल्या पोरीनं अंकातलं आधी काय वाचू म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुझं तू ठरव.

आता एकच विचारायचं आहे. हे अंक नुसत्या पिनांवर आहेत. इतक्या हातांतून गेले तर दिवाळीपर्यंत पानं सुटतील. बाइंडिंगला यवतमाळला पाठवायला परवडत नाही. घरी काय करता येईल?

काटोलचा_अंकवाला

ताई, पिना काढून टाका, त्या पावसाळ्यात गंजतात आणि कागद तिथूनच फाटतो. घडीवर तीन भोकं पाडा, जाड सुती दोऱ्यानं शिवा. वरून खाकी कागदाचं कव्हर. मैद्याची खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका, म्हणजे कसर आणि झुरळ लागत नाही. मोरचूद विषारी असतो, तेव्हा खळीचं भांडं वेगळं ठेवा आणि लेकरांना हात लावू देऊ नका. सहा-सहा अंकांचा एक गठ्ठा बांधला तर पाठीवर वर्ष लिहायला जागा राहते. मुखपृष्ठं मात्र कापू नका, आतच शिवून घ्या.

दिवाळीनंतर दारव्ह्याकडं माझं येणं आहे. माझ्याजवळ जुने अंक दोन पेट्या पडून आहेत, त्या मॅडम होत्या त्या काळातले. घेऊन येतो.